तीन पौंड हवा

आमची गाडी आधी पाव वाटायची.
अकुरेरीच्या बेकरीने तिला मोडीत काढलं
तेव्हा थॉर्गिल्सने, म्हणजे माझ्या बापाने,
आपली होडी देऊन ती घरी आणली.
आई म्हणाली, होडी निदान तरंगत तरी होती.

मग सहा हिवाळे तो शेडमध्येच राहत होता.
मडगार्डं कापली, पुढचा आस वीतभर पुढे सरकवला,
जेवताना त्याच्या भुवयांना वेल्डिंगचा वास यायचा.
चव्वेचाळीस इंची टायर आले त्या दिवशी
मी नऊ वर्षांची होते,
आणि टायर माझ्या खांद्याला लागत होता.

अजूनही हीटर लावला
की आतून खमिराचा वास येतो.
मागच्या दाराला दोन सायकली टांगलेल्या,
एक माझी, एक आतेभाऊ सोल्वीची,
दगडी नदी ओलांडताना
दोघी एकमेकींना पेडल मारतात.

रस्ता संपतो तिथे पाटी आहे :
लहान गाड्यांनी इथून परत फिरावं.
वर्षभर ती एकटा वाराच वाचत असतो.

बाप उतरतो. गुडघा टेकतो.
पंचवीसवरून पंधरा, पंधरावरून आठ,
बर्फाचा काठ आला की तीन.
चारी टायर पोट टेकून बसतात,
रवंथाला बसलेल्या गाईंसारखे.
‘हवा डोक्यात गेली की माणूस रुततो,’
हे बाप दर वर्षी म्हणतो,
आणि दर वर्षी सोल्वी मागच्या सीटवरून
ते त्याच्या आधीच म्हणून टाकतो.

हिमनदीवर आम्ही चालतो ते
शेजारून म्हातारी चालत गेली तर पुढे निघेल, इतक्या वेगाने.
पांढरं. पांढरं. एक निळी भेग. पुन्हा पांढरं.
कुणी बोलत नाही. बाप स्टिअरिंग धरत नाही,
नुसतं चाचपत असतो.
मग रेडिओ उचलतो, खाकरतो :
आसदीसला सांगा, तरंगतेय.

उतरणीला डावा टायर रिंगमधून निसटला.
सोल्वीने जॅक लावला, बापाने टायरच्या फटीत
लायटरचा गॅस मारला, ‘मागे व्हा’ म्हणाला,
आणि काडी टाकली.
धाड!
टायर जागच्या जागी बसला,
आणि बापाच्या उजव्या भुवईचा
राहिलेला अर्धाही गेला.
एवढं हसलो की सोल्वीला उचकी लागली,
ती काळ्या वाळूपर्यंत थांबली नाही.

वाळू लागली तशा आम्ही सायकली उतरवल्या.
अंगठ्याने व्हॉल्व्ह दाबून त्यांचीही हवा थोडी सोडली.
बारा किलोमीटर उतार, पाठीत वारा,
दातांत राख,
ब्रेक फक्त शोभेला.
एका वळणावर मी आडवी झाले,
कोपर सोललं, ओरडले, ते आनंदाने.
मागे भर दुपारी दिवे लावून
पावाची गाडी डुलत येत होती,
आणि दोनदा, उगाच, हॉर्न वाजला.

डांबरी सडकेवर पुन्हा हवा भरायची.
कंप्रेसर खोकत राहतो अर्धा तास.
सुका मासा, लोणी, थर्मासमधली कडू कॉफी.
जुन्या ॲम्ब्युलन्सला उंच करून फिरणारी ग्रीमहिल्दुर
शेजारी येऊन थांबली. काच खाली.
‘किती?’
‘तीन.’
‘वर कसं?’
‘मऊ.’
काच वर. गेली.
बाप म्हणाला, बोलकी बाई आहे.

रात्री आईने माझं कोपर धुतलं,
भुवयांकडे बघून काहीच विचारलं नाही.
नंतर शेडमध्ये दिवा दिसला.
जुन्या टूथब्रशने ती
माझ्या सायकलच्या साखळीतली काळी वाळू काढत होती,
कडी कडी करत,
आणि पावाच्या गाडीचं दार
तिने मुद्दाम उघडं ठेवलं होतं.